शेवटची दोनशे पावलं

वस्ताद, उजळाईवाडीच्या विमानतळावर विमान उतरायला लागलं की मी आजही हातातला पाना खाली ठेवतो. माझं वर्कशॉप गोकुळ शिरगावच्या बाजूला आहे, विमानं डोक्यावरूनच जातात. आवाज खाली खाली येतो, मध्येच दबतो, आणि चाकं टेकली की वेग कमी करण्यासाठी इंजिनं पुन्हा गरजतात. त्या दोन आवाजांच्या मधलं अंतर मी मोजतो. बहुतेक वेळा सात ते अकरा भरतं. अकराच्या पुढं गेलं की मी दारापर्यंत जाऊन बघतो. पोरांना हे पाठ झालंय. परवा एक जण म्हणाला, "मालक, उतरलं की. घ्या पाना." बाकीचे खाली मान घालून हसले. मीही हसलो. कशाला मोजतो ते त्यांना सांगितलेलं नाही, घरातही सांगितलेलं नाही.

पुढच्या आठवड्यात इंजिनिअरिंगच्या कॉलेजात माझं भाषण आहे. दहावीला गणितात गेलेल्या माणसाला प्राध्यापक लोक घरी येऊन बोलावून गेले. बर्फाची धावपट्टी स्वतःच्या हातानं केलेला माणूस या जिल्ह्यात दुसरा नाही, असं ते म्हणाले. मी त्यांना तिथंच दुरुस्त केलं. आम्ही दोघं होतो आणि दुसरा माझा वस्ताद होता, असं सांगितलं. मग तयारीला बसलो. वहीची नऊ पानं झरझर झाली. दहाव्या पानावर मथळा लिहिला, 'तपासणी', आणि त्याच्या खाली तीन दिवस एक ओळ उतरली नाही. म्हणून ते पान फाडून ठेवलं आणि हे लिहायला घेतलं.

तुम्हाला सगळं माहीत आहे, पण मला क्रमानं लिहिल्याशिवाय जमत नाही, हा माझा जुना रोग. आपण तिकडं वर, सरहद्दीजवळच्या डोंगरात, रस्त्याच्या कामाला गेलो होतो, चार महिन्यांच्या बोलीवर. बर्फानं खिंड त्या साली लवकर बंद झाली आणि त्याच पंधरवड्यात सरहद्दीवर लढाई पेटली. जागेचं नाव मी लिहीत नाही. लिहू नका असं तेव्हा सांगितलं होतं आणि मी ते पाळलंय. रस्त्यावरची मजूर मंडळी आधीच्या ट्रकांनी उतरून गेली होती. राहिलो तुम्ही, मी, आठ टनी रोलर, एक ट्रॅक्टर आणि तिथल्याच गावचे वीस-बावीस गडी. फौजेचा कॅप्टन आला तेव्हा त्याच्या मिशांवर बर्फ होता. वयानं माझ्याएवढाच. त्यानं सरळ सांगितलं की वरच्या चौक्यांवरचे जखमी खाली आणलेत, रॉकेल संपत आलंय, खिंड चार महिने उघडणार नाही. विमान येऊ शकतं, पण त्याला टेकायला जागा पाहिजे, आणि हवा साथ देईल असे दिवस थोडे उरलेत. तुम्ही हिंदीत एवढंच विचारलंत, विमान किती टनाचं. त्यानं सांगितलं. तुम्ही मान हलवलीत आणि माझ्याकडं वळून म्हणालात, "रस्ताच हाय की गड्या. फकस्त गाडी वरनं येनार."

मला तेव्हा हसू आलं होतं. मी सत्तावीस वर्षांचा होतो आणि स्वतःला फार हुशार समजत होतो. इंजिन खोलून जोडायला मला कुणी शिकवलं नव्हतं, पुस्तकातली चित्रं बघून शिकलो होतो, आणि ते मी भेटेल त्याला सांगायचो. तुम्ही तो तोरा कधी उतरवला नाहीत. फक्त गारगोटीच्या रस्त्यावर तुमच्या हाताखाली आलो तेव्हा पहिले आठ दिवस रोलरवर चढू दिलं नव्हतंत. चपला काढायला लावल्या आणि दाबलेल्या मुरमावरून अनवाणी चालवलंत, दर पावलाला टाच आपटत. "डोळा फसीवतो," तुम्ही म्हणाला होता, "टाचंला कळतं खाली पोकळ हाय का भरीव." रोलरवाला अनवाणी फिरून आल्याशिवाय त्याच्या रस्त्यावर पहिली गाडी सोडायची नाही, ही तुमच्या हाताखालच्या सगळ्यांची रीत. लोक हसायचे. गडहिंग्लजच्या बाजाराला जाणारे ड्रायव्हर गाड्या थांबवून विचारायचे, काय पावणं, नवस फेडताय काय.

जागा मिळाली ती नदीच्या काठची सपाटी. अठराशे पावलं, तुम्ही मोजली आणि मागून मी मोजली, माझी अठराशे बारा भरली. एका टोकाला डोंगराची भिंत, दुसऱ्या टोकाला खोरं उघडं. म्हणजे विमान येणार ते उघड्या बाजूनंच आणि जाणार तेही त्याच बाजूनं. पहिली सोळाशे पावलं एका टेकडीच्या आडोशाला होती. शेवटची दोनशे आडोशाच्या बाहेर, आणि तिथून वर बघितलं की समोरच्या कड्यावरची शत्रूची चौकी दिसायची. चौकी आपल्याला दिसते म्हणजे आपण चौकीला दिसतो, हे कॅप्टननं पहिल्याच दिवशी बोट दाखवून सांगितलं. विमान पहिल्यांदा टेकणार तेही त्याच दोनशे पावलांवर.

थंडीचं मी भाषणात दोन पानं लिहिलंय, इथं थोडक्यात. डिझेल गोठून तुपासारखं व्हायचं. सकाळी पत्र्याच्या डब्यात रॉकेलच्या चिंध्या पेटवून रोलरच्या ऑइलच्या चेंबरखाली सरकवायच्या, अर्ध्या तासानं इंजिन पहिला ठसका द्यायचं. बॅटरी मी अंथरुणात घेऊन झोपायचो. उघडा हात लोखंडाला लागला की कातडी चिकटून राहायची, म्हणून दांड्यांना बारदान गुंडाळलं होतं. रोलरच्या चाकाला बर्फाचे लपके धरायचे, त्यावर तुम्ही जळकं ऑइल चोळायची युक्ती काढलीत. सपाटीसाठी ट्रकचा मागचा फाळका सोडवून ट्रॅक्टरला बांधला आणि रानात फळीवर उभं राहतात तसे दोन गडी त्यावर उभे केले. पण या सगळ्यापेक्षा भीती वाटायची ती शांततेची. इंजिन बंद केलं की कान आपोआप कड्याकडं लागायचे.

आणि मग आपली ती चूक. आपण मुरमाची माणसं. पाणी मारल्याशिवाय दबाई होत नाही, हे आपल्या हाडात बसलेलं. ड्रमात बर्फ वितळवून दोन दिवस पाणी मारलं आणि वरून रोलर फिरवला. तिसऱ्या दिवशी सकाळी पट्टी आरशासारखी चमकत होती. कमरेवर हात ठेवून तुम्ही बघत होता, तुमचा तसा चेहरा मी नंतर कधी बघितला नाही. कॅप्टननं खात्रीसाठी भरलेला ट्रक घातला. वीस पावलं गेला आणि वरचा पापुद्रा तडकला, पुढची चाकं आसापर्यंत आत. पाणी खाली मुरायच्या आधी वरच गोठलं होतं, खाली सगळा भुगा तसाच. गावातला एक म्हातारा गडी, त्याची भाषा आपल्याला येत नव्हती, तो हसून हसून खाली बसला. मग उठला, फावड्यानं थोडा बर्फ उलटापालटा केला, पायानं दाबला, आणि तळहात गालाला लावून डोळे मिटले. झोपू द्या, असं सांगत होता. तुम्ही त्याच्याकडं बघत राहिलात. मग कॅप्टनसमोर गेलात आणि सगळ्या गड्यांच्या देखत म्हणालात की चूक माझी आहे, पोराचा यात काही संबंध नाही, चार दिवस द्या. खरं तर ड्रम पेटवायची घाई माझी होती.

चार दिवसांत सगळं उकरलं, कुळवलं, पाण्याचा थेंब न मारता दाबलं आणि रात्रभर तसंच सोडलं. सकाळी पहार टाकली तर ठण्ण आवाज आला. तुम्ही म्हणायचा बर्फ झोपला की घट्ट होतो. मी पुढं दोन वर्षं शब्दकोश घेऊन इंग्रजी पुस्तकं वाचली तेव्हा कळलं की ढवळून दाबलेले कण थंडीत हळूहळू एकमेकांना जोडले जातात आणि त्याला वेळ लागतो. तुमचंच बरोबर होतं, मी फक्त ते पुस्तकात शोधलं.

त्या चारांतल्या तिसऱ्या दिवशी दुपारी कड्याकडून तोफेचे दोन गोळे आले. शेवटच्या दोनशे पावलांच्या पलीकडं नदीत पडले. बर्फ आणि काळं पाणी झाडाएवढं उडालं. मी तेव्हा रोलरवर होतो, त्याच टोकाला. नंतर कुणी विचारलं नाही, पण मी मोजलेलं आहे. बाकीच्या पट्टीवर रोलर सोळा फेऱ्या फिरला. त्या टोकाला मी सहा मारल्या आणि अलीकडूनच वळवत राहिलो.

विमान यायच्या सकाळी आपण तपासणी वाटून घेतली. सळईला तुम्ही कानशीनं चार बोटांवर खूण पाडली होती. कमरेच्या उंचीवरून सोडायची, खुणेच्या वर रुतली तर तिथं काटकी रोवायची. दर दहा पावलांना तीन ठिकाणी. सळई एकच, म्हणून आधी डोंगराकडची नऊशे पावलं तुम्ही केलीत, मग उघड्या बाजूची नऊशे माझी. सळई देताना तुम्ही म्हणालात, "सावकाश कर. इमान दहाला हाय." मी सोळाशे पावलांपर्यंत एकही ठिकाण सोडलं नाही. हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. सोळाशेव्या पावलाला टेकडीची सावली संपते. पुढं ऊन होतं. मी सावलीच्या कडेला उभा राहिलो आणि कड्याकडं बघितलं. तिथं काहीतरी चमकलं. दुर्बीण असेल, नुसता बर्फही असेल. मी टाकलेलं पाऊल मागं घेतलं. पुढं साठ ठिकाणं होती, मला हिशेबानं वीस मिनिटं लागली असती. मी सावलीतच वीस मिनिटं उभा राहिलो, घड्याळ बघून, आणि परत आलो.

तुम्ही ट्रॅक्टरजवळ उकिडवे बसला होता.

"झालं?"

"व्हय."

"शेवटपातूर?"

"शेवटपातूर. दगड हाय नुसता."

तुम्ही माझ्या चेहऱ्याकडं बघितलंत, मग माझ्या बुटांकडं. काय दिसलं तुम्हाला, हे मी वीस-बावीस वर्षं शोधतोय. उन्हात चाललेल्याच्या आणि सावलीत थांबलेल्याच्या बुटात काय फरक पडतो? कॅप्टन शेजारीच वायरलेसवर बोलत होता. सळई माझ्या हातात होती. तुम्ही हात पुढं केला असतात तर मी दिली असती, आणि कॅप्टनला त्याच क्षणी कळलं असतं. तुम्ही हात पुढं केला नाहीत. उठलात, कमरेवरचा पट्टा आवळलात आणि जरा पाय मोकळे करून येतो, असं हिंदीत पुटपुटत त्या टोकाकडं चालू लागलात.

साडेनऊ वाजलेत. कॅप्टन दुर्बीण लावून खोऱ्याकडं बघतोय आणि मध्येच दुर्बीण खाली घेऊन मला विचारतो, तुझा म्हातारा तिकडं नाचतोय काय. दुर्बीण माझ्याकडं देतो. मी लावतो. तुम्ही उन्हात आहात. बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधून बूट गळ्यात अडकवलेत, विजार घोट्याच्या वर दुमडलीय, आणि तुम्ही त्या बर्फावर अनवाणी चालताय. एक पाऊल, टाच. एक पाऊल, टाच. गारगोटीच्या रस्त्यावर चालायचा तसंच, तेवढ्याच सावकाश. सरळ रेघेत जाऊन वळताय, दुसऱ्या रेघेत परत येताय. कड्याकडं एकदाही बघत नाही. कॅप्टन विचारतो, पट्टी तपासून झालीय ना? मी म्हणतो, झालीय साहेब, ही त्यांची रीतच आहे, प्रत्येक रस्त्यावर ते असंच करतात. यातला शब्द न् शब्द खरा होता. खरं बोलून खोटं कसं बोलायचं ते मला त्या सकाळी आलं.

तिसऱ्या रेघेत तुम्ही थांबलात. टाच दोनदा आपटलीत, मागं सरकलात, पुन्हा आपटलीत. मग कुठं टेकायचं ते विमानाला दिसावं म्हणून कडेला अंथरलेली भगवी ताडपत्री होती, तिकडं धावायला लागलात. त्या हवेत धड चालताना छाती फुटायची आणि तुम्ही पन्नाशीचे. ताडपत्रीवरचे दगड पायानं उडवलेत आणि ती फरफटत आत आणायला लागलात. खोऱ्यातून आवाज येतोय. कॅप्टन ओरडतोय, बाजूला हो, बाजूला हो, तुम्हाला ऐकू जाणं शक्य नाही. मी दुर्बिणीतून पावलं मोजतोय. नव्वद, शंभर, एकशे दहा. एकशे वीसला तुम्ही ताडपत्री टाकलीत, दगड ठेवायला वेळ नव्हता म्हणून तिच्या एका कडेवर स्वतःच पालथे पडलात. विमान तुमच्या डाव्या अंगानं, वीसेक पावलांवरून खाली आलं.

त्यातून रॉकेल उतरलं, औषधं उतरली, आणि एकोणीस जखमी चढले. त्यातले दोन जण पुरते विशीचे नव्हते. इंजिनं बंदच केली नव्हती, पाऊण तासात ते परत गेलं, जाताना त्या टोकाच्या बरंच आधी उचललं. मग मी एकटा त्या टोकाला गेलो. आता जायला भीती वाटली नाही, याचीच मला लाज वाटली. तुमच्या टाचेचे ठसे जिथं थांबले होते तिथं सळई सोडली. चार बोटांची खूण केव्हाच आत गेली, सळई हातभर गेली. खाली खळगा होता, वाऱ्यानं त्यावर बर्फ पसरला होता. सहा फेऱ्यांत तो काय दबणार. ताडपत्री जागची हलली नसती तर उजवं चाक बरोबर तिथं आलं असतं. मी हे पुन्हा पुन्हा कागदावर काढून बघितलंय, दर वेळी चाक तिथंच येतं.

फौजेच्या डॉक्टरनं तुमचे पाय कोमट पाण्यात ठेवले होते. डाव्या पायाची दोन बोटं काळपट पडली होती, ती पुढं गेलीच. ताडपत्री का सरकली, असं कॅप्टननं विचारलं. तुम्ही सांगितलंत, वारा सुटला होता. तो गेल्यावर तंबूत आपण दोघंच. मी पाण्यात हात घालून तुमची पावलं चोळत होतो, ती लाकडासारखी लागत होती. तुम्ही माझ्या हातांकडं बघत होता. मग म्हणालात,

"भ्यालतास?"

मी म्हणालो, "न्हाई."

"मी भ्यालतो," तुम्ही म्हणालात, आणि तोंड कनातीकडं केलंत.

तेवढंच. परत आल्यावर तुम्ही आणखी चौदा वर्षं रोलर चालवलात, लंगडत. घरी चाचींना सांगितलंत की पायावर यंत्राचा भाग पडला. मी वर्कशॉप टाकलं तेव्हा उद्घाटनाला आलात, लेथवर हात फिरवलात, आणि जमलेल्या लोकांना म्हणालात की ह्यो गडी लै बारकाईनं काम करतो. मी चहा सांगायचं निमित्त करून बाहेर गेलो. तुम्ही गेल्याचं कळलं तसा गडहिंग्लजला आलो, जनाज्याला खांदा दिला, मूठभर माती टाकली. तुमच्या थोरल्यानं माझा हात धरून सांगितलं, अब्बा तुमचं नाव रोज काढायचे. काय म्हणून काढायचे, ते मला विचारता आलं नाही. इतक्या वर्षांत तुमच्याजवळ बसून एकदा तरी बोलता आलं असतं. दर वेळी ठरवायचो, आणि दर वेळी इंजिनांचं बोलून परत यायचो.

कॉलेजात मी पापुद्रा फुटल्याचं सांगणार आहे, झोपलेल्या बर्फाचं सांगणार आहे. दहावं पान काय करायचं ते अजून ठरत नाही. हे कागद मी पाकिटात घालणार नाही. थोरल्याकडं द्यावेत असं एकदा मनात आलं, पण त्यानं ते वाचले तर काय, या विचारानंच तो बेत सोडला. आणि हे सगळं लिहूनही एक गोष्ट मी मघाशी गाळली. विमान खाली येत होतं तेव्हा मी ते बघत होतो असं तुम्हाला वाटेल. मी बघत नव्हतो. दुर्बीण डोळ्याला होती, पण तुम्ही त्या ताडपत्रीवर पडल्यापासून ते चाकं टेकेपर्यंत मी मनात एक वाक्य जुळवत होतो, की शेवटचा तुकडा माझा नव्हता, वस्तादांनी स्वतः तपासला होता. कॅप्टनला समजावं म्हणून मी ते हिंदीत जुळवलं होतं. माझं हिंदी तेव्हा फार कच्चं होतं, वस्ताद, पण त्या वाक्यात एकही चूक नव्हती.